फुकटचा महिना

‘फुकट’ हा शब्द आमच्या भाषेंत पूर्वीं फारसा मानाचा नव्हता. फुकटचें खाणारा, फुकट गेलेला जन्म, फुकाचा मोठेपणा. जेथें जेथें तो येई तेथें तेथें कांहीं तरी उणें असल्याची सूचना मिळे. अलीकडे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनीं मात्र त्याला असा मान मिळवून दिला आहे, कीं ‘पहिला महिना फुकट’ हे तीन शब्द वाचतांच भल्याभल्या हिशेबी गृहस्थांची लेखणी थबकते.

ह्या युगाचा आरंभ ५ सप्टेंबर २०१६ रोजीं झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्या दिवशीं जिओची सेवा सुरू झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती विनामूल्य राहिली. तिचा लाभ लहानथोर सर्वांना झाला, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु लाभाबरोबर सवयही लागली, आणि सवयीचें मोल पुढें द्यावेंच लागतें. जुलै २०२४ मध्यें तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनीं दर वाढविले, तेव्हां कुरकुर करीत कां होईना, बहुतेकांनीं ते भरले.

पण वाढलेला दर निदान डोळ्यांना दिसतो. आमची तक्रार आहे ती न दिसणाऱ्या आकड्यांविषयीं. आमचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. येथें हाली रुपया चाले आणि शेजारीं सोलापुरास कलदार. हालीचें मोल कमी, म्हणून व्यवहारांत रुपया कोणता तें आधीं ठरवून घ्यावें लागे. आज रुपया सर्वत्र एकच आहे. तरीही जाहिरातींतला निराळा आणि देयकांतला निराळा! ४९९ च्या छापील दरावर १८ टक्के कर चढला, कीं त्याचे ५८८ रुपये ८२ पैसे होतात. महिन्याचेंही तसेंच. २८ दिवसांचा महिना मोजला, कीं वर्षाकाठीं बारांऐवजीं तेरा वेळां पैसे भरावे लागतात. २०२२ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ३० दिवसांची किमान एक योजना ठेवण्याचा आदेश दिला. ती हुडकून काढण्याचें काम मात्र ग्राहकाकडेच राहिलें.

गेल्या वर्षीं आमच्या घरीं अशाच एका कंपनीची तार आली. पहिला महिना विनामूल्य, वर चित्रपटांची मेजवानी. जोडणी थोरल्या बंधूंच्या नांवें, मोबाइल पुतण्याच्या हातीं, आणि बँकेचें खातें काकूंचें; कारण दरमहा नियमितपणें येणारें निवृत्तिवेतन त्यांचेंच. एकतिसाव्या दिवशीं त्या खात्यांतून पैसे वळते झाले. रक्कम मोठी नव्हती, पण त्या सायंकाळीं घरांत पसरलेला अबोला मोठा होता. ‘मला विचारायचें तरी होतें,’ एवढेंच काकू म्हणाल्या. पुतण्या मान खालीं घालून बसला. पै-पैचा हिशेब असूनही संशय ज्या घरांत कधीं शिरला नव्हता, तेथें तो एका बटणावरून शिरला, ह्याचें दुःख आम्हांस पैशांहून अधिक झालें. शिवाय जी तार एका दिवसांत आली, ती बंद करण्यास तीन आठवडे लागले. फोनवर ‘एक दाबा, दोन दाबा’. यंत्र नेण्यास माणूस येईल म्हणत, आणि तो येईपर्यंत देयक चालूच!

कायदा मुळींच नाहीं असें नव्हे. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेची सूचना निदान २४ तास आधीं मिळावयास हवी, आणि दिलेली अनुमति ग्राहकाला काढून घेतां येते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले. शिरणें सोपें आणि निघणें अवघड असा ‘वर्गणीचा सापळा’ हा त्यांतलाच एक. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

सूचना आमच्याकडेही आली होती. पण काकूंच्या खात्याला पुतण्याचाच क्रमांक जोडलेला, आणि त्याच्या मोबाइलवर संदेशांची ही गर्दी! कायद्यानें ग्राहक एकटा गृहीत धरला आहे. एकत्र कुटुंबांत ग्राहक ही एक व्यक्ति नसून पंगत असते, आणि पंगतींत कोणी ‘हो’ म्हटलें हें पानें उचलल्यावर सांगतां येत नाहीं.

म्हणून काकूंनींच दोन नियम घालून दिले आहेत. ज्याचें खातें, त्यानेंच चारचौघांसमक्ष होकार द्यावयाचा; आणि फुकट म्हणून जें घरांत येईल, त्याची शेवटची तारीख त्याच दिवशीं स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर लिहावयाची. आतां तेथें एकादशी-चतुर्थीच्या शेजारीं अशा तारखा तांबड्या शाईनें दिसतात. उपास चुकला तर देव क्षमा करील, पण ही तिथी चुकतां कामा नये, असें काकूंचें म्हणणें आहे.