अंधार बघायला

लोक वाळवंटात काय बघायला जातात? लाल खडक, दऱ्या, फार तर सूर्यास्त. आम्ही दोघं मात्र मे महिन्यातली अमावास्या गाठून, गाडीत तंबू टाकून, यूटामधल्या नॅचरल ब्रिजेसला अंधार बघायला गेलो. त्यातली गंमत अशी की नवऱ्याला अंधारात दिसत नाही.

त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. नाव उच्चारायला जड, पण प्रकार समजायला सोपा. डोळ्याच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. शंकूसारख्या पेशी भरपूर उजेडासाठी आणि रंगांसाठी, दांड्यासारख्या पेशी मंद उजेडासाठी. या आजारात बहुधा दांड्यासारख्या आधी जातात. म्हणजे पहिली जाते ती रात्र, मग हळूहळू कडेचं दिसणं. मधलं दिसणं बरीच वर्षं टिकू शकतं. किती, ते डॉक्टर सांगत नाहीत. निदान झाल्यावर महिनाभर घरात या विषयावर कुणी बोललंच नाही. मग एकदा चहा पिताना तोच म्हणाला, "दिसतंय तोवर एकदा खूप तारे बघून घेऊ या."

आम्ही फीनिक्सला राहतो. इथं रात्रीसुद्धा आकाश नारिंगीच असतं, त्यामुळे निघणं भागच होतं. इतकी वर्षं लांबच्या प्रवासात गाडी त्याची आणि चिवड्याचा डबा माझा, अशी वाटणी होती. या वेळी न बोलताच किल्ल्या माझ्याकडे आल्या.

पहिला मुक्काम फ्लॅगस्टाफ. या गावानं १९५८ मध्येच आकाशात मोठे झोत सोडायला बंदी घातली होती आणि २००१ मध्ये ते जगातलं पहिलं 'डार्क स्काय' शहर ठरलं. अंधार राखायला कायदा! आपल्याकडे दिवे यावेत म्हणून मोर्चे निघतात, हे आठवून आम्ही दोघंही हसलो.

प्रवासाचा नियम एकच. सूर्य मावळायच्या आत तंबू उभा झाला पाहिजे. पण मावळतीला किती वेळ उरला, हे घड्याळ सांगेल तर शपथ. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, नावाहो लोकांच्या प्रदेशात करतात, आणि त्याच्या पोटात असलेल्या होपी लोकांच्या प्रदेशात पुन्हा करत नाहीत. फोनचा तास पुढे-मागे उड्या मारत होता. शेवटी आम्ही घड्याळ सोडून सूर्यच धरला.

मॉन्युमेंट व्हॅली मागे टाकल्यावर मोकी डगवे लागतो. कड्यातून कोरून काढलेला तीनेक मैलांचा कच्चा घाट, चढ अकरा टक्क्यांचा आणि कठडा नाही. दिवसा त्याला समोरचं स्वच्छ दिसतं. तो शेजारी बसून वळणं सांगत होता, "हळू... आता उजवीकडे... वरून ट्रक येतोय, थांब." मी फक्त त्याचा आवाज ऐकत स्टिअरिंग फिरवत होते. वर पोचल्यावर माझे हात थरथरत होते. त्यानं काही न बोलता डबा उघडून पुढे केला.

नॅचरल ब्रिजेस २००७ मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' झालं. तंबूंना जागा तेराच, पण आम्हाला एक मिळाली. माणशी रोज चार लिटर हा हिशेब धरून पाणी आणलेलं होतं. एक गोष्ट मात्र जपायची होती. तिथली माती जिवंत असते. जिवाणू, शेवाळं, दगडफूल यांची काळपट, खडबडीत साय तिच्यावर धरलेली असते. एक पाऊल पडलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. त्यामुळे अंधार पडल्यावर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून, मी टाकीन तिथंच पाऊल टाकत होता.

त्याला रात्री झगझगीत बॅटरी लागते. पण आजूबाजूला सगळे अंधारासाठीच आलेले. त्यानं स्वतःहून बॅटरी बंद केली आणि खुर्चीत बसून राहिला. डोळे सरावायला अर्धा तास तरी लागतो. माझे सरावले. त्याचे सरावणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

सप्तर्षी अगदी डोक्यावर होते. आमच्या लग्नात भटजींनी भर दुपारी कार्यालयाच्या छताकडे बोट दाखवून "अरुंधती बघा" म्हटलं होतं आणि आम्ही ट्यूबलाइटला नमस्कार केला होता. रीतीप्रमाणे नवऱ्यानं बायकोला दाखवायची असते. इथं मी त्याचा हात धरून वर नेला. "चौकोन सोड. शेपटीवर ये. मधला तारा."

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "वसिष्ठ सापडला. तिचं काही दिसत नाही."

"आहे. अगदी चिकटून आहे."

"मग सांग ना कशी आहे ते."

मी सांगत गेले. बारीक आहे, पण स्थिर आहे. मग पूर्वेला आकाशगंगा वर यायला लागली, तिचंही सांगितलं. त्याला जे दिसत नव्हतं त्याबद्दल तो पहिल्यांदाच इतके प्रश्न विचारत होता, आणि मला पहिल्यांदाच रडू न येता उत्तरं देता येत होती. ताऱ्यांपेक्षा हेच करायला आम्ही इतक्या लांब आलो होतो बहुतेक.

सकाळी ओवाचोमोला गेलो. तो वाहत्या पाण्यानं कोरलेला दगडी पूल आहे. लांबी १८० फूट आणि मधली जाडी जेमतेम ९ फूट. कधी पडेल सांगता येत नाही म्हणतात. पायवाट त्याच्या खालूनच जाते. दिवस होता, म्हणून तो पुढे आणि मी मागे.