जाळीआडचा महिना

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकर प्रथम दोन गोष्टींची चौकशी करतो: बिऱ्हाड कोठे मिळेल आणि मुलांना कोणती शाळा मिळेल. कोंबड्यांची चौकशी करणारा निदान माझ्या पाहण्यात नाही. पण बंगळूरला येलहंक्याच्या बाजूस जे घर आम्हांला भाड्याने मिळाले, त्याच्या परसात घरमालकिणीच्या नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा अगोदरपासून नांदत होते, आणि हळूहळू ते आमच्याही संसारात आले.

त्या वृद्ध बाईंना सारे ‘अज्जी’ म्हणतात. आम्हीही म्हणू लागलो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तेवढा एकच कानडी शब्द घरचा वाटला. कोंबडीला कानडीत ‘कोळी’ म्हणतात हे ऐकून ती बिचारी भिंतीवर जाळे शोधू लागली. मुंगसाला मात्र ‘मुंगुसि’ म्हणतात हे कळल्यावर, ‘हा तरी आपल्याकडचा निघाला’ असे म्हणाली. शाळेत तिची स्थिती याहून बरी नव्हती. मधल्या सुटीत ती एकटीच बसे, आणि डबा पुष्कळदा भरलेलाच परत येई. विचारले तर ‘भूक नव्हती’ एवढेच उत्तर.

तिचे मन रमावे म्हणून मी ‘गिरिराज’ जातीची सहा पिल्ले आणली. ही जात बंगळूरच्याच हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली. अंगाने थोराड, रंगीत पिसांची, परसात चरून वाढणारी. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती तीनेक अंशांनी उतरवीत न्यावयाची. मी पडलो कारकून. त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला. तीन आठवडे झाले, पिल्ले बागडू लागली, तेव्हा एका रविवारी मोठ्या हौसेने मी ती कोंबड्यांत सोडून दिली.

पुढच्या दहा मिनिटांत जे घडले त्याला माझे अज्ञानच कारण. मोठ्या कोंबड्यांनी टोचून टोचून पिल्लांना भिंतीच्या आडोशातून उघड्यावर पिटाळले, आणि वरून घार उतरली. एक पिल्लू गेले. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना पंखाखाली घेणारी आई नसते, हे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मुलगी रडली नाही. “बाबा, तुम्ही त्यांना तिथं एकदम का सोडलंत?” एवढेच तिने विचारले. प्रश्न केवळ पिल्लांविषयीच होता काय, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

अज्जींनी मला बोल लावला नाही, कामाला लावले. नेहमीची षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवू शकत नाही. म्हणून अर्ध्या इंची चौकोनी भोकांची जाड जाळी आणली आणि कोंबड्यांच्या आवारातच एक कोपरा बंदिस्त केला. मुंगूस उकरून आत शिरते, तेव्हा जाळीची कड फूटभर बाहेर वळवून मातीखाली पुरली. घारीसाठी वर जाळीचेच छत घातले, बोक्यासाठी दाराला दुहेरी कडी लावली. पिल्ले दिवसा तेथे आणि रात्री घरात खोक्यात, अशी महिनाभर राहिली. मोठ्या कोंबड्या येत, रोखून पाहत, जाळीवर चोच मारून जात. दिवस गेले तसे ते मारणेही कमी झाले.

कोंबड्यांत कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो, हे नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली दाखवून दिले. आमच्या कचेरीतील ज्येष्ठता-यादीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच की कोंबड्या यादीवर हरकती मागवीत नाहीत.

महिन्यानंतर आम्ही दार उघडले. दाणे दोन ठिकाणी ठेवले, आणि फक्त पिल्लांनाच शिरता येईल अशी फट जाळीला ठेवली. टोचाटोची झालीच. मी दार लावण्यास धावलो, तेव्हा अज्जी काही बोलल्या. मुलीने मला त्याचा अर्थ सांगितला, “थोडं टोचू द्या म्हणतात. रक्त आलं तरच मधे पडायचं.” ती एवढे कानडी केव्हा शिकली, हे मला कळलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी घार पुन्हा आली. कोंबड्यांच्या भाषेत आकाशातल्या शत्रूचा इशारा वेगळा आणि जमिनीवरच्या शत्रूचा वेगळा असतो. कोंबड्याने पहिला इशारा दिला. सर्वांत अधिक टोचणारी काळी कोंबडी दबकत कर्दळीत शिरली, आणि तिच्यामागोमाग पाचही पिल्ले. जी टोचत होती, तिच्याच मागे जाऊन ती वाचली. मुलगी कितीतरी वेळ त्या कर्दळीकडे पाहत राहिली.

त्या रात्री ती म्हणाली, “उद्या डब्यात एक पोळी जास्त द्या. शेजारची मुलगी मागते.”

जाळी मी अजून काढलेली नाही. रात्री बोका आणि घूस परसात फिरतातच. दिवसा मात्र दार उघडे असते.