वरण-भाताचा कुकर

भांड्यांच्या दुकानात कुकर मागितला की पहिला प्रश्न येतो, "घरात माणसं किती?" प्रश्न साधा, पण उत्तर देताना मी दरवेळी जरा थबकते. रोज जेवणारी माणसं सांगायची, की दिवाळीत जमणारी? शिकायला बाहेर गेलेला मुलगा धरायचा का? सासूबाई सहा महिने आमच्याकडे, सहा महिने धाकट्या दिरांकडे. मनातल्या मनात ताटं मांडून बघायची आणि मग लिटर सांगायचे.

दोन-तीन माणसांना तीन लिटर, चार-पाच जणांना पाच लिटर, हा अंदाज कुणीही देईल. मला मात्र लिटरपेक्षा डब्यांची काळजी जास्त. आपला रोजचा कुकर वरण-भाताचा, त्यात डबे एकावर एक नीट बसायला हवेत. तीन लिटरचा पसरट कुकर पुलावाला छान, रस्सा भाजीला छान, पण त्यात दोन डबे रचले की झाकण लागता लागत नाही. म्हणून मी दुकानातच डबे आत ठेवून, झाकण लावून बघते. दुकानदाराला हे नवं नसतं. तो स्वतःच डबे पुढे करतो. तळाला पेलाभर पाणी, त्यात पिळलेल्या लिंबाची साल, म्हणजे ॲल्युमिनियम आतून काळं पडत नाही. त्यावर जाळी. खालच्या डब्यात तुरीची डाळ, हळद, हिंग, तेलाचे चार थेंब. वरच्या डब्यात धुतलेले तांदूळ. आणि अगदी वर, जागा उरली तर, लाल भोपळ्याची फोड किंवा एखादा बटाटा. एका आचेवर अख्खं साधं जेवण. ही रचना ज्या कुणा बाईला पहिल्यांदा सुचली असेल तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण महाराष्ट्रातल्या लाखो घरांच्या संध्याकाळी तिच्या ऋणात आहेत, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या घरातला पहिला कुकर आईच्या लग्नातल्या आंदणातला. पोटावर तिचं नाव, तारीख आणि 'मामांकडून सप्रेम भेट' अशी अक्षरं कोरलेली. घासून घासून ती पुसट झाली, तरी बोट फिरवलं की लागायची. आई शाळेत शिकवायची. संध्याकाळी घरी आल्यावर पदर खोचून रॉकेलचा स्टोव्ह पेटवायची, कुकर चढवायची आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन दाराशी बसायची. आजीची हयात चुलीपुढे गेली होती. गावच्या विहिरीचं पाणी जड, त्यात डाळ शिजता शिजत नसे, आणि तिच्यापाशी बसून राहावं लागे: ऊतू जाते म्हणून, तळाला लागते म्हणून, लाकूड विझतं म्हणून. नव्या कुकरच्या पहिल्या शिटीला ती माजघरात उठून गेली होती म्हणे. पुढे मात्र तीच ओसरीवरून सांगायची, "दोन झाल्या गं!" आणि आई वहीतून मान न काढता हुंकार द्यायची. आईला मिळालेला तो अर्धा तास मला फार मोलाचा वाटतो. चुलीला डोळे द्यावे लागायचे, कुकरला नुसता कान दिला तरी भागायचं.

झाकणाखाली घडतं ते थोडक्यात असं. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळतं आणि आच कितीही वाढवली तरी तिथेच राहतं. घट्ट झाकणाखाली वाफ कोंडते, दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास पोचतं. फरक वीसच अंशांचा, पण तेवढ्यात डाळीचा तास मिनिटांवर येतो. उंचावर याची किंमत आणखी कळते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी नव्वद अंशांच्याही आत उकळायला लागतं. तिथे उघड्या भांड्यात राजमा चढवणाऱ्याने दिवसभराची बेगमी करावी.

ही युक्ती दनी पापँ या फ्रेंच माणसाची. 1679 मध्ये लंडनमध्ये त्याने वाफ कोंडणारं जाड लोखंडी भांडं केलं आणि ते फुटू नये म्हणून वजनाने दाबून धरलेली झडपही बसवली. 1682 मध्ये रॉयल सोसायटीच्या काही सभासदांना त्याने अशा भांड्यांत शिजवलेलं जेवण वाढलं; जॉन एव्हलिनने रोजनिशीत त्या जेवणाचं आणि मऊ झालेल्या हाडांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे वाफेवर डबे रचून शिजवण्याची कल्पना प्रेशर कुकरच्याही आधीची: कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांचा, कोळशाच्या आचेवरचा 'इकमिक कुकर' 1910 च्या सुमाराचा. हॉकिन्स आणि प्रेस्टिज ही नावं आपल्या ओट्यावर आली ती 1959 नंतर. आत बसणारं झाकण की बाहेरून फिरवायचं, यावर घराघरांत दोन पक्ष आहेत. मी आतल्या झाकणाच्या बाजूची. ते काढा-घालायला हात बसावा लागतो, पण आतली वाफच त्याला वर दाबून धरते; दाब उतरल्याशिवाय ते कुणालाही उघडता येत नाही, आणि घरात मुलं असली की मला हे पुरेसं कारण वाटतं.

शिट्ट्यांबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचं आहे. शिटी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. बारीक आचेवर एकही होत नाही आणि डाळ लोण्यासारखी शिजते. पहिली शिटी झाली की आच कमी करावी आणि पुढचं घड्याळावर सोपवावं. अर्धा तास भिजलेल्या तुरीच्या डाळीला दहा-बारा मिनिटं भरपूर होतात, गॅसही वाचतो. चिंच-कोकम डाळ शिजल्यावरच घालावं. आंबट आधी पडलं की दाणा अडून बसतो. छोले, वाटाणे, राजमा रात्रभर भिजवावेत. थेट कुकरमध्ये डाळ शिजवायची तर तो निम्म्याच्या वर भरू नये, कारण डाळ फेसाळते आणि तो फेस शिटीच्या भोकात जाऊन बसतो. झाकण लावण्याआधी ते भोक उजेडाकडे धरून आरपार बघायची सवय मला आईने लावली. रिंग सैल झाली की बायका ती फ्रीजमध्ये ठेवून चार दिवस काढतात. त्यापेक्षा नवी आणावी. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्यावा आणि कुकरवर आयएसआय खूण बघून घ्यावी. या गोष्टींत काटकसर करू नये.

आणि सगळंच कुकरमध्ये कोंबू नये. भरली वांगी त्यात आपला आकार आणि मान दोन्ही गमावतात. सोललेल्या वालाचं बिरडं तर मी कुणालाही कुकरमध्ये करू देत नाही. त्याला झाकणावर पाणी ठेवलेलं पातेलं आणि मंद आच हवी, दाणा अखंड दिसला पाहिजे. मोदकांच्या दिवशी मात्र हाच कुकर शिटी उतरवून ठेवतो आणि मोदकपात्राचं काम निमूटपणे करतो. उलट मटणाला त्याच्यासारखा सोबती नाही: चिवट धागे सुटतात, हाडांतलं सगळं अळणीत उतरतं.

भाची जर्मनीत शिकायला गेली तेव्हा तिच्या बॅगेतला तीन लिटरचा उभट कुकर मी घेऊन दिला. इंडक्शनवर चालेल असा जाड तळाचा, स्टीलचा. रिकामा जागा खाईल म्हणून त्याच्या पोटात गोडा मसाला, हिंगाची डबी, तुरीची डाळ आणि दोन जादा रिंगा भरल्या. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे शिटी वाजली तशी ती दचकली, मग हसली.

"मावशी, आच बंद केली. पण भूक लागलीय गं. शिटी उचलून वाफ सोडू का?"

"अजिबात नको. दाब एकदम सोडलास तर आतलं पाणी उसळतं, डब्यातली डाळ बाहेर येईल, भात फुटेल. दहा मिनिटं आपणहून पडू दे."

"दहा मिनिटं करू काय?"

"काकडी आहे का? ती कोचून घे. दाण्याचं कूट मी दिलंय, निळ्या झाकणाच्या डबीत. आणि लसूण ठेचून ठेव, वरणाला फोडणी द्यायचीय."