अटींसह नामंजूर

माइकसमोर प्रत्येकाला दोन मिनिटं. पहिल्या रांगेत एक बाई मोबाइलवर वेळ लावून बसते आणि तीस सेकंद उरले की पिवळं कार्ड वर धरते. आपल्याकडे सभेतली पहिली दोन मिनिटं 'मी आपला फार वेळ घेणार नाही' हे सांगण्यात जातात. मी त्या रात्री आडनाव सांगण्यात पंधरा सेकंद घालवले, त्याचं स्पेलिंग सांगण्यात आणखी दहा, आणि मान वर करून पाहते तो जवळजवळ अर्धं मिनिट संपलेलं.

जागा म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका सरकारी शाळेचं कॅफेटेरिया. बाकं दहा वर्षांच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे सत्तरीतले आजीआजोबा गुडघे हनुवटीला लावून बसलेले. दर आठ मिनिटांनी लांबून सबवेची ७ नंबरची गाडी खडखडत जाते, तेवढ्यापुरतं सगळ्यांनी थांबायचं. विषय आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटचा. एकमजली इमारत, तिच्यापुढे तिच्या दुप्पट पार्किंग. तिथे बिल्डरला बारा मजले हवे होते. शहराच्या झोनिंगच्या नियमांप्रमाणे सहाच बसत होते.

हे सगळं चालतं ते कम्युनिटी बोर्डापुढे. न्यूयॉर्कमध्ये अशी ५९ बोर्डं आहेत. एकेकात जास्तीत जास्त पन्नास सभासद, बिनपगारी. नेमणूक बरोचे, म्हणजे क्वीन्ससारख्या विभागाचे, प्रेसिडेंट करतात, त्यातली अर्धी नावं नगरसेवकांनी सुचवलेली. १९५१ साली मॅनहॅटनचे बरो प्रेसिडेंट रॉबर्ट वॅग्नर यांनी बारा सल्लागार मंडळं नेमली, तिथून याची सुरुवात. रॉबर्ट मोझेससारखा एक माणूस नकाशावर रेघ ओढायचा आणि हजारो घरं उठायची, तो काळ. जेन जेकब्जसारख्या बायका आपल्या गल्लीसाठी भांडायला उभ्या राहिल्या तोही तोच. पुढे १९७५ च्या चार्टर दुरुस्तीने प्रत्येक मोठ्या बदलाला एक घड्याळ लावून दिलं, आणि आजच्या रूपात ते असं: बोर्डाला साठ दिवस, बरो प्रेसिडेंटला तीस, प्लॅनिंग कमिशनला साठ, सिटी कौन्सिलला पन्नास. या प्रक्रियेच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून इथले लोक 'यूलर्प' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते पोटाच्या विकाराचं नाव वाटलं होतं.

बोर्डाचं मत म्हणजे निव्वळ सल्ला. कुणावर बंधन नाही. तरी माणसं रात्री अकरापर्यंत बसतात, कारण मागच्या भिंतीला टेकून नगरसेविकेचा मदतनीस उभा असतो आणि तो डोकी मोजत असतो. वर्षानुवर्षांचा अलिखित रिवाज असा की जिच्या वॉर्डातला प्रश्न, तिचं मत बाकीचे नगरसेवक डावलत नाहीत. म्हणजे सल्ल्याला किंमत नसली तरी सल्ला देणाऱ्यांच्या संख्येला होती.

झोनिंगची भाषा ऐकून नवे लोक गांगरतात. मला मात्र ती थेट माहेरची वाटली. इथला एफएआर म्हणजे आपला एफएसआय, प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा. मुलुंडला आमच्या घरी 'शहरात १.३३, उपनगरात १' हे आकडे पाढ्यासारखे म्हटले जायचे, कारण बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. टीडीआर, म्हणजे बांधायचा हक्क दुसऱ्या प्लॉटवर नेण्याची सोय, तर आपण यांच्याकडूनच उचललेली. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टॉवर बांधायला शहराने मनाई केली, मालक कोर्टात गेले, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने शहराची बाजू उचलून धरली. स्टेशनवर बांधता येत नसेल तर तिथली न वापरलेली हवा आसपासच्या प्लॉटवर वापरता येते, हाही मुद्दा त्या निकालात आला. मुंबईने १९९१ च्या नियमांत हीच कल्पना घेतली, पण आपला एक फरक करून: टीडीआर मूळ प्लॉटच्या उत्तरेलाच वापरायचा. न्यूयॉर्कची हवा शेजारी जाते, मुंबईची तेव्हा बोरिवलीला जायची.

पण न्यूयॉर्कमध्ये झोनिंग मुळात आलं ते सावलीच्या भांडणातून. १९१५ साली ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, फुटपाथपासून सरळ वर, कुठेही मागे न सरकता. आसपासचे रस्ते दिवसाढवळ्या अंधारात गेले. दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, शहराने झोनिंगचा कायदा केला आणि इमारतींना वर जाताना पायऱ्या-पायऱ्यांनी मागे सरकायला लावलं. त्या रात्री आमच्या कॅफेटेरियातही पहिली बोलली ती सावलीच. एक ग्रीक आजी उठल्या. वाक्य एकच: डिसेंबरात आधीच साडेचारला सूर्य जातो, तुम्ही तो दोनला नेणार. बिल्डरच्या आर्किटेक्टने पडद्यावर सावलीचा अभ्यास दाखवला. आजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या मागच्या अंगणात टोमॅटो आहेत, आणि त्या टोमॅटोंचा अभ्यास त्यांनी चाळीस वर्षं केलेला आहे.

आर्किटेक्टच्या चित्रांबद्दल एक सांगायलाच हवं. त्या चित्रांत कायम जून महिना असतो. झाडं पूर्ण वाढलेली, एक बाई बाबागाडी ढकलते आहे, एक तरुण सायकल हातात धरून हसतो आहे. फुटपाथवर कचऱ्याची एकही काळी पिशवी नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या माणसाचा तिथेच विश्वास उडतो.

मग एकेक जण आला. सांडपाण्याच्या नळांचं काय, शाळेत आधीच वर्ग कमी आहेत त्याचं काय, सकाळी ७ नंबरमध्ये पाय ठेवायला जागा नसते त्याचं काय. यातला एकही प्रश्न खोटा नव्हता. इक्वेडोरची एक बाई दुभाष्यामार्फत बोलली, आणि मला वाटतं सगळ्या रात्रीतलं सर्वांत वजनदार तीच बोलली: नव्या इमारतीत कोण राहणार याची मला फिकीर नाही, पण ती झाली की माझा घरमालक माझ्या भाड्याकडे नव्याने बघायला लागेल. यावर बिल्डरच्या वकिलाने 'नोंद घेतली' एवढंच म्हटलं.

बाकीच्यांच्या तोंडी मात्र एकच शब्द फिरत होता: वस्तीचं 'कॅरेक्टर'. बारा मजल्यांनी वस्तीचं कॅरेक्टर बिघडेल. हा शब्द ऐकला की मी सावध होते. इथून जवळच जॅक्सन हाइट्स आहे. १९१७ मध्ये तिथे रेल्वे पोचली, आणि क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने मधोमध बाग सोडून देखण्या इमारती बांधल्या. १९९३ पासून तो ऐतिहासिक परिसर म्हणून जपला जातो, आणि जपावा असाच आहे. पण त्या बागांच्या कडेला घर घ्यायला ज्यू आणि काळ्या माणसांना कित्येक वर्षं मज्जाव होता. तेव्हाही वस्तीचं कॅरेक्टरच राखलं जात होतं. पुढे १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला, आणि त्याच ७४व्या रस्त्यावर आज मी कढीपत्ता आणि श्रीखंड घेते. कॅरेक्टर बिघडलं म्हणूनच मी इथे आहे.

हे माइकवर सांगण्यासारखं होतं. मी ते सांगणार नव्हते. खरं बोलायचं तर मी विरोध करायला गेले होते. त्या पार्किंगमध्ये माझी गाडी लागते. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून त्या बुटक्या छपरावरून थेट रुळांपर्यंत दिसतं. संध्याकाळी गाडीच्या खिडक्या पेटत जातात, तेव्हा चहाचा कप घेऊन तिथे उभं राहणं हा माझा या शहरातला एकमेव धर्म. कागदावर मी मुद्दे लिहून नेले होते: सांडपाणी, शाळा, रेल्वे. पार्किंग आणि खिडकी त्यात नव्हती. सभेत कुणाच्याच कागदावर खिडकी नसते.

माझ्या आधी एक पोरगा उठला. डिलिव्हरीवाला, हेल्मेट काखेत, बंगालीत बोलला. त्याला बाजूने किंवा विरोधात काहीच म्हणायचं नव्हतं. त्याने विचारलं, यातलं एक घर मिळायला काय करायचं?

सगळ्या रात्रीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वकील जरा खुश झाला आणि सांगू लागला. २०१६ च्या नियमाप्रमाणे असा झोनिंग बदल मिळाला की काही घरं कायमची परवडणाऱ्या भाड्यात ठेवावी लागतात, एका पर्यायात एकूण जागेचा चौथा हिस्सा. 'परवडणारं' कुणाला, तर ते भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या टक्क्यांवर ठरतं. २०२४ च्या हिशेबाने तीन माणसांच्या कुटुंबाला शंभर टक्के म्हणजे वर्षाला १,३९,८०० डॉलर. चौथ्या हिश्शाच्या पर्यायात सरासरी साठ टक्के, म्हणजे ८३,८८० डॉलर. आकडा दुभाष्याने बंगालीत सांगितला, तेव्हा पोरगा कसनुसं हसला. आणि घर मिळणार कसं, तर सोडतीत. आपली म्हाडाची असते तशीच, फक्त अर्जदारांची गर्दी इथे जास्त मुकाट.

सोडतीतही भूमिपुत्र आहेत बरं का. अशा घरांतली अर्धी त्याच बोर्डाच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी राखीव असायची. त्यामुळे शहरातली जुनी वर्णरेषा तशीच राहते म्हणून कोर्टात दावा लागला, आणि २०२४ च्या तडजोडीत हा वाटा अर्ध्यावरून वीस टक्क्यांवर आला. पण स्थानिक असल्याचा पुरावा हवा. पोराने विचारलं, तळघरात राहत असेन आणि भाडेपावती नसेल तर? वकिलाने पुन्हा 'नोंद घेतली' म्हटलं.

तळघर म्हटल्यावर खोली एकदम गप्प झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये इडा वादळाचा पाऊस आला, तेव्हा क्वीन्समध्ये माणसं तळघरातल्या खोल्यांमध्ये बुडून मेली. त्यातल्या बहुतेक खोल्या कागदावर नव्हत्या. वस्तीत नवी घरं नकोत असं आपण सभेत ठरवतो, तरी माणसं यायची थांबत नाहीत, ती जमिनीखाली राहायला लागतात.

मग माझं नाव पुकारलं. कागद हातात होता पण मला काही सुचेना. मला आठवली ती चौथी सीट. लोकलच्या बाकावर रेल्वेच्या हिशेबाने तिघंच. पण चौथा आला की तिघं न बोलता चार-चार बोटं सरकतात, आणि चौथा अर्ध्या मांडीवर ठाण्यापर्यंत जातो. कुणाला ते आवडत नाही, सरकणारा आढ्याकडे बघत सरकतो, पण 'बाकाचं कॅरेक्टर बिघडेल' असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. माझ्या माहितीतला हा पहिला झोनिंग बदल. हे इंग्रजीत दोन मिनिटांत सांगायला गेले आणि फजिती झाली. लोकल म्हणजे काय, सीट म्हणजे बाक, इथपर्यंत आले तोच पिवळं कार्ड. शेवटी एवढंच म्हटलं: मजले ठेवा, पण घरं या मुलाच्या पगारात बसतील अशी करा, आणि सुपरमार्केट जाऊ देऊ नका. बसताना ग्रीक आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांचे टोमॅटो तोडून आणले होते.

ठराव झाला तो 'अटींसह नामंजूर'. हा इथला खास प्रकार आहे, लग्नाच्या बोलणीसारखा. मुलगा पसंत नाही, पण हॉल एसी असेल आणि आमची तीस माणसं जास्त धरणार असाल तर पत्रिका पुन्हा बघू. बोर्डाच्या अटी: मजले कमी, मोठ्या खोल्यांची घरं जास्त, भाडी आणखी खाली, तळमजल्यावर किराणा. पुढच्या महिन्यांत प्रकरण वर वर सरकत गेलं, आणि कौन्सिलने दोन मजले छाटून मंजूर केलं. किराणा राहिला. भाडी थोडी उतरली, त्या मुलाच्या पगारापर्यंत नाही.

तोवर शहराचाही धीर सुटला होता. डिसेंबर २०२४ मध्ये कौन्सिलने 'सिटी ऑफ येस' हा मोठा झोनिंग बदल ३१ विरुद्ध २० मतांनी मंजूर केला. क्वीन्समधल्या बहुतेक बोर्डांनी त्याला नाही म्हटलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महापौरपदाच्या मतदानाबरोबरच चार्टर दुरुस्त्याही मतपत्रिकेवर होत्या. ज्या बारा भागांत परवडणारी घरं सर्वांत कमी झाली तिथे जलद मार्ग, आणि परवडणाऱ्या घरांना कौन्सिलने नकार दिला तर तो फिरवू शकणारं त्रिसदस्य अपील मंडळ. लोकांनी हो म्हटलं. एकट्या नगरसेविकेच्या शब्दाचं वजन त्याने कमी होईल, आणि भिंतीला टेकून डोकी मोजणाऱ्या त्या मदतनिसाचंही. हे बरं की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मजले हवेत असं म्हणणारी मी, पण ती भिंत मला आवडते.

मी मत दिलं नाही, कारण माझ्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे. ग्रीनकार्डवाल्यांना शहराच्या निवडणुकीत मताचा हक्क देणारा कायदा झाला होता, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. पण कम्युनिटी बोर्डावर बसायला नागरिकत्व लागत नाही. सोळा वर्षं पूर्ण हवीत आणि त्या भागात राहत किंवा काम करत असायला हवं. या शहरात मला ज्यात सरळ हात वर करता येईल अशी ही जवळपास एकमेव जागा. अर्ज मी भरून ठेवला आहे.

सभेनंतरच्या रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. बाबांना हे विषय समजतात. २०१५ साली मुंबईचा नवा विकास आराखडा आला, त्यात रस्ते इमारतींवरून गेले होते आणि देवळं जागेवर नव्हती. हरकती-सूचनांचा पाऊस पडला, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडाच बाजूला ठेवला. त्या पावसात एक थेंब बाबांचा होता: चार पानी हरकत, सुवाच्य अक्षरात. तिच्या दुसऱ्या प्रतीवर महापालिकेच्या आवक विभागाचा गोल शिक्का त्यांनी रांगेत उभं राहून मारून घेतला होता. ती प्रत अजून प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे. पाहुण्यांना दाखवतात.

त्यांनी सावली, टोमॅटो, सोडत, तळघर, चौथी सीट सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोच मिळाली का?"

"बाबा, इथे पोच नसते. सभेचं रेकॉर्डिंग असतं, त्यात सगळं आहे."

"पाठव."

लिंक पाठवली. आठवड्याने आईने फोटो धाडला. ती लिंक बाबांनी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली होती, अक्षरं-आकड्यांची दीड ओळ, आणि शेजारी निळ्या शाईत लिहिलं होतं: 'चि. सौ. हिचे भाषण, २ तास १७ मिनिटांनंतर'. पाकीट तेच.