अनुक्रमणिकेतला क्रम कुणाचा?

१/ जुने नियतकालिक हाती आले की आम्ही इतिहासाचे विद्यार्थी थेट लेखाकडे वळतो. अनुक्रमणिकेवर नजर टाकतो ती पृष्ठक्रमांक टिपण्यापुरती. आजचा धागा त्या दुर्लक्षित पानाविषयी आहे. उदाहरणे ब्रिटिश संगीत-नियतकालिकांची घेतली आहेत, कारण तिथे हे पान फार बोलके झाले.

२/ आधी शब्दाकडे पाहू. ‘अनुक्रमणिका’ या शब्दातच क्रमाचे वचन आहे. मराठी मासिकांत त्याला लेखकाच्या नावाची जोड असते: शीर्षक, लेखक, पान. दिवाळी अंकांत कथा, कविता, लेख अशी विभागणी होते, तरी लेखकाचे नाव सुटत नाही. अंक कुणी लिहिला हे सांगणे, हे आपल्याकडे त्या पानाचे मोठे काम आहे.

३/ इंग्रजीत त्याच पानाला ‘कन्टेन्ट्स’ म्हणतात, म्हणजे आत काय आहे ते. क्रमाचे बंधन त्या शब्दात नाही, आणि संगीत-मासिकांनी ते पाळलेही नाही. मुखपृष्ठावरची मुलाखत अंकाच्या मध्यावर असली तरी यादीत ती वर येते. नेहमीची सदरे एका गटात, त्या अंकाचे खास लेख दुसऱ्या गटात. क्रम पानांचा नसून महत्त्वाचा असतो.

४/ ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ (एनएमई) हे लंडनचे साप्ताहिक या नावाने १९५२ साली सुरू झाले. १९९८ मध्ये त्याचा वृत्तपत्री कागद सुटला आणि पुढे त्याला मासिकासारखे रूप आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले त्याचे अनुक्रमणिकेचे पान पाहिले, तर मध्यभागी मोठे छायाचित्र, एका बाजूला सदरांची यादी आणि तळाशी वर्गणीची जाहिरात दिसते.

५/ डाव्या कडेच्या अरुंद स्तंभात मात्र वेगळीच गोष्ट आहे: अंकात आलेल्या बँडांची वर्णानुक्रमे सूची आणि प्रत्येकापुढे पानाचा आकडा. मला या स्तंभाचे फार अप्रूप वाटते. मधले छायाचित्र सांगते की या आठवड्यात मोठे कोण. सूची तसे काही सांगत नाही. तिथे जगप्रसिद्ध बँड आणि कालपरवा उभा राहिलेला बँड एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी बसतात.

६/ एकाच पानावर दोन न्याय नांदतात, एक संपादकाचा आणि एक वर्णमालेचा. यातून वाचकाविषयीही कळते. तो लेख शोधत नव्हता, नाव शोधत होता. म्हणूनच या यादीत ठळक अक्षरे बँडच्या नावाला मिळतात. लेखकाचे नाव, जे आपल्याकडे अपरिहार्य, ते तिथे बहुधा नसतेच.

७/ आता थोडे मागे जाऊ. एनएमईचे माजी संपादक निक लोगन यांनी १९७८ मध्ये ‘स्मॅश हिट्स’ आणि १९८० मध्ये ‘द फेस’ सुरू केले. ‘द फेस’मध्ये संगीताबरोबर वेशभूषा आणि तरुणांची राहणी यांनाही जागा होती. १९८१ पासून १९८६ पर्यंत त्याच्या मांडणीवर नेव्हिल ब्रॉडी या आरेखनकाराची छाप राहिली.

८/ १९८४ मध्ये ब्रॉडींनी एक विलक्षण गोष्ट केली. ‘कन्टेन्ट्स’ हे शीर्षक त्यांनी अंकागणिक थोडे थोडे मोडत नेले. आधी अक्षरे झिजली, मग तुटली, आणि शेवटी उरल्या त्या केवळ खुणा. एखादाच अंक पाहणाऱ्याला त्या खुणांत शब्द सापडला नसता. संगणकीय मांडणी अजून रुळायची होती. हे सारे हाताने रेखून, कापून, चिकटवून चालले होते.

९/ तरीही पान निकामी झाले नाही. माझ्या मते कारण असे की नियमित वाचक ते शीर्षक कधी वाचतच नव्हता. पानाची जागा, आकड्यांची रांग आणि यादीची ठेवण यांवरून तो पान ओळखत होता. ब्रॉडींनी मोडले ते फक्त ओळखीला अनावश्यक झालेले. संकेत किती खोल रुजला आहे, हे तो मोडून पाहिल्यावरच उमगते.

१०/ या पानाची मला काळजी वाटते ती याचसाठी. ग्रंथालयांत अंकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी होती. आता डिजिटल संग्रहांत शब्द टाकला की लेख सुटा समोर येतो. लेख मिळतो, पण त्याच्या शेजारी काय होते, त्याला जागा किती होती, तो यादीत वर होता की तळाशी, हे कळत नाही. लेखातून लिहिणाऱ्याचे मन समजते. त्या काळच्या वाचकाकडून काय अपेक्षिले होते, हे अनुक्रमणिका सांगते.

११/ एनएमईचा छापील साप्ताहिक अंक मार्च २०१८ मध्ये थांबला. आज गाण्यांची यादी प्रत्येकाच्या फोनवर निराळी उघडते आणि उद्या तीही बदलते. छापील अनुक्रमणिका पक्षपाती होती, पण तिचा पक्षपात सर्वांना सारखाच दिसे आणि म्हणून त्यावर वाद घालता येई. आजच्या यादीत कुणाला वर ठेवले आणि कुणाला वगळले, याचा पुरावा पन्नास वर्षांनी कुठे शोधायचा?

१२/ म्हणून एक विनंती. घरातले जुने अंक रद्दीत देण्याआधी, निदान एखाद्या लेखाचे छायाचित्र काढताना, अनुक्रमणिकेचेही एक काढून ठेवा. कुणा अभ्यासकाला तेच पान लेखाहून अधिक उपयोगी पडेल.