खाडीच्या दोन तीरांवरची वीजबिले

नायगावजवळच्या उमेळ्यात वीज महावितरणची येते. वसईची खाडी ओलांडून भाईंदरला गेले, की पुष्कळ घरांत ती अदानी इलेक्ट्रिसिटीची असते. एकाच व्यापारी कुटुंबातले दोन भाऊ या दोन तीरांवर राहत असले, की बिलांची तुलना होणे अपरिहार्यच. अशाच एका घराची ही हकिगत.

धाकट्या भावाने भाईंदरहून आपल्या बिलाची रक्कम कळवली. ती उमेळ्याच्या बिलाहून बरीच कमी निघाली. त्याच आठवड्यात कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप फिरत आला: वापर ३०० युनिटच्या पुढे एकानेही गेला, तर सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. थोरल्यांनी तो वाचून सोडून दिला. मातोश्रींनी सोडला नाही. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात दुपारच्या वेळी त्यांनी आपल्या खोलीतला पंखा बंद ठेवण्यास प्रारंभ केला. वसईच्या दमट उन्हाळ्यात हे धाडसच. पण ‘महिना संपेपर्यंतच तर आहे’ असे म्हणून त्या भिंतीला टेकून माळ घेऊन बसत. एके दुपारी त्यांना घेरी आली, तेव्हा कुठे सुनेला कारण कळले.

सून दुकानाचा रोजमेळ सांभाळते. तिने बिल उलटून पाहिले आणि सासूबाईंजवळ बसून हिशेब मांडला. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने लागतो: पहिली १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढची चौथ्या. वापर ३१० झाला, तर तिसरा दर केवळ १० युनिटना. शिवाय ७५ वॅटचा पंखा रोज ४ तास याप्रमाणे ७ दिवस चालला, तरी वापर जेमतेम २ युनिट होतो. आणि महिन्याची अखेर कोणती? त्यांच्या मीटरचे वाचन दर महिन्याच्या मध्यावर होत असे. म्हणजे मातोश्रींनी सोसलेला आठवडा बिलाच्या दृष्टीने अखेरचा नव्हताच.

निरोप निखालस खोटा होता, असेही म्हणता येत नाही. दिल्लीत २०१९ पासून २०० युनिटपर्यंत बिल शून्य आणि ४०० पर्यंत सवलत अशी योजना आहे. ४०० ची मर्यादा ओलांडली की सवलत संपूर्ण जाते. तेथे एका युनिटने खरोखरच मोठा फरक पडतो. असे नियम राज्याचे नाव गळून प्रवास करू लागले, की उमेळ्यातला पंखा थांबतो.

थोरल्यांचा बिलांवरचा अविश्वास मात्र जुना, २०२० चा. टाळेबंदीमुळे त्या वर्षी मार्चच्या अखेरीस मीटर वाचन थांबले, हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीने बिले आली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष वाचनानंतर साचलेला फरक एकदम अंगावर आला. तीन महिन्यांची युनिट एकत्र धरून वरचा दर लावल्याचा आरोप तेव्हा घरोघरी पोहोचला होता. वस्तुतः टप्प्यांची मर्यादाही महिन्यांच्या पटीत वाढवली होती. तीन महिन्यांसाठी पहिला टप्पा ३०० युनिटचा. ग्राहकांचा संताप समजण्यासारखा होता, कारण माणसे घरात कोंडलेली आणि दुकाने बंद होती. परंतु आकडा मोठा असणे आणि आकडा चुकीचा असणे यांतला भेद त्या गदारोळात हरवला, तो थोरल्यांच्या मनात आजतागायत हरवलेलाच होता.

राहिली भाईंदरची तुलना. दोन पेढ्यांची विक्री वजन न पाहता कोणी ताडून पाहत नाही. बिलांच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही नुसती रक्कम पाहतात. सुनेने दिरांकडे चार गोष्टी मागितल्या: वाचनाच्या दोन तारखा, एकूण युनिट, मागील थकबाकी वा जमा, आणि गेल्या वर्षी याच महिन्यातला वापर. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांवरचे १६ टक्के वीज शुल्क हे तिने उमेळ्याच्या बिलावरून वेगळे उतरवून ठेवलेच होते.

तिचा हिशेब गटावर गेला. मातोश्रींनी तो आपल्या धाकट्या बहिणीलाही पाठवायला लावला. पंख्याचा निरोप तिच्याकडेही पोहोचला होता. रात्री भाईंदरहून बिलाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आले. मधले दिवस होते २७. उमेळ्याच्या बिलात ३४.