पेलेल तेवढंच

गौरी आमच्या पागेत आली तेव्हा सहा वर्षांची होती. मारवाडी घोडी, रंग कुमैत, खांद्याशी उंची साठ इंच, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारी. ओळखीच्या व्यापाऱ्यानं सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली होती. मी पहिल्यांदा तिच्यावर बसले तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली : "मॅडम, घोडी शोभते तुम्हाला." मी पाच फूट नऊ इंच उंच. माझी टाच तिच्या पोटाच्या खालच्या रेषेला बरोबर येत होती. घोडं आणि स्वार एकमेकांच्या मापाचे आहेत की नाहीत हे पाहण्याची जी पहिली खूण मी स्वतः वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले, ती तिथे अचूक जुळली होती. मी पुढे काही पाहिलं नाही.

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी चाचा म्हणाले, "ताई, हल्ली तंग आवळताना चावायला येते. आधी अशी नव्हती." चाचा आमचे मोतद्दार. गौरीला रोज खरारा करणारे तेच, त्यामुळे तिच्यातला फरक माझ्याआधी त्यांना दिसणं साहजिक होतं. मग मलाही दिसू लागला. रिकिबीत पाय ठेवला की ती पाठ खाली घालायची. दुडकी चालीत पावलं आखूड पडायची, शेपूट सारखी झटकायची. उतारावर तर थांबूनच राहायची. मी खोगिराखालची गादी बदलली, दात तपासून घेतले, नाल पुन्हा ठोकून घेतले. उन्हाळ्याला दोष दिला. तिच्या स्वभावालाही दिला, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी दोन बोटं कण्याच्या दोन्ही बाजूंनी खांद्यापासून मागे नेत नेत दाबली. खोगिराचा मागचा काठ जिथे टेकतो तिथे आल्याबरोबर गौरी दचकून खाली बसल्यासारखी झाली. डॉक्टरांनी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. मग त्यांनी मला विचारलं, "तुमचं वजन किती?" मी बहात्तर सांगितलं. खोटं बोलायचं नव्हतं, पण तो आकडा दोन वर्षांपूर्वीचा होता. गोदामातल्या धान्याच्या काट्यावर बूट-टोपीसकट उभी राहिले तर एकोणऐंशी भरले. खोगीर, तंग, रिकिबी, गादी मिळून नऊ. म्हणजे ८८ किलो.

घोडीचं वजन काढायला मोठा काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून, जिथे तंग बसतो तिथून छातीचा घेर घ्यायचा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत अंगाची लांबी घ्यायची. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८८०, की आलं किलोतलं वजन. थोडंफार पुढेमागे होतं, पण कामाला चालतं. गौरीचा घेर १६३ आणि लांबी १५०. उत्तर आलं ३३५ किलो. माझं आणि खोगिराचं मिळून ओझं तिच्या वजनाच्या सव्वीस टक्क्यांहून जास्त होतं.

वीस टक्क्यांचा आडाखा मला माहीत नव्हता असं नाही. घोड्याच्या पाठीवर स्वार, खोगीर आणि सगळं सामान धरून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावं, हे घोडेस्वार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. २००८ साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या संशोधकांनी आठ घोड्यांवर हे तपासलंही होतं. १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन घालून त्यांना पाऊण तास चालवलं, पळवलं. वीसपर्यंत फारसं बिघडलं नाही. पंचवीसला नाडी आणि श्वास वाढले, स्नायू दुखरे झाले. तीसला हा त्रास आणखी स्पष्ट झाला. हे मी वाचलेलं होतं, विद्यार्थ्यांना सांगितलेलंही होतं. स्वतःला मात्र लावलं नव्हतं, कारण आरशात आणि फोटोत आम्ही दोघी छान दिसत होतो.

त्या रात्री मला चांदणी आठवली.

मामांचं शेत दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाजवळ. मी तेरा वर्षांची असताना मामांनी मेंढ्यांच्या वाड्याबरोबर फिरणाऱ्या एका धनगराकडून एक तट्टू घेतलं, पांढरट रंगाची घोडी. वाडा हलला की सारा संसार अशा तट्टांच्या पाठीवर चढतो : भांडीकुंडी, जाळी, कोंबड्या, करडं, कधी तान्हं मूल. भीमथडीची घोडी ती हीच. आता देशी अश्वजातींच्या यादीत त्यांची स्वतंत्र नोंद झाली आहे. दिसायला लहान, पण पायाची हाडं जाड, पाठ आखूड, खुरं लोखंडासारखी. मराठ्यांच्या फौजा याच ताकदीच्या घोड्यांवर थोडक्या सामानानिशी दूरदूर गेल्या. पुतळ्यांतले उंच घोडे पाहून आपला डोळा मात्र वेगळाच तयार झाला आहे.

चांदणी जेमतेम पन्नास इंच, आणि मी तेव्हाच पाच फूट पाच. खोगीर नव्हतं, दुहेरी घोंगडी टाकून वर बसायचं. माझे पाय तिच्या पोटाच्या खाली वीतभर लोंबायचे. पारावरची माणसं ओरडायची, "पोरी, पाय घासतील! उतर, घोडीला उचलून घे!" मला इतकी लाज वाटायची की मी गावातून जाताना उतरून चालायचे आणि ओढ्यापलीकडे पुन्हा चढायचे. चांदणी मात्र कधी अडली नाही. चढावर कान पुढे टाकून जायची. पुढे कितीतरी वर्षांनी मी तिच्याच बांध्याच्या एका तट्टाचं माप घेतलं. घेर १४२, लांबी १३०, म्हणजे साधारण २२० किलो. तेव्हा माझं वजन घोंगडीसकट बेचाळीसच्या आसपास असेल. एकोणीस टक्के. ज्या जोडीला सगळं गाव हसलं ती जोडी बरोबर होती. जिच्याबद्दल सगळ्यांनी शाबासकी दिली तिनं घोडीची पाठ दुखवली.

उंचीला काहीच महत्त्व नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडची एक मुलगी अकराव्या वर्षापासून एकाच पोनीवर शिकली. चौदाव्या वर्षी ती एकदम उंच झाली. वजन अजूनही पोनीला पेलणारं होतं, पण पोटरी जिथे घोड्याच्या अंगाला लागायला हवी तिथे हवा होती. इशारा द्यायला ती टाच वर ओढायची, टाच वर गेली की गुडघा वर, आणि बूड खोगिरातून सुटायचं. धड लांब झाल्यामुळे वळणावर तिचा तोल जरा जास्त झुकला की पोनीला पाऊल सावरावं लागायचं. उलटही तितकंच खरं. आठ वर्षांच्या मुलाला रुंद पाठीच्या उंच घोड्यावर बसवलं की त्याच्या मांड्या नुसत्या फाकतात, पाय खोगिराच्या पाखेच्या खाली येतच नाही, घोड्याला तो मुलगा जाणवतही नाही. आईबापांना फोटो आवडतो. मला त्या मुलाच्या पडण्याची भीती वाटते.

गौरीच्या त्या प्रसंगानंतर मी माथेरानला गेले. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात आणि पुढच्या लाल मातीच्या वाटेसाठी घोडे उभे असतात. तिथे मी दिवसभर नुसती बसून राहिले. एक वयस्कर अश्वपाल होते. गिऱ्हाईक गाडीतून उतरून चालत येईपर्यंत कुठला घोडा पुढे करायचा ते त्यांनी ठरवलेलं असायचं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, उंची बघत नाही, माणूस जमिनीवर पाय कसा टाकतो ते बघतो. जो धप्प पाय टाकतो तो घोड्यावरही धप्प बसतो. त्यांनी मला त्यांच्या एका बुटक्या, काळ्या घोड्याच्या पुढच्या पायाची नळी हातानं चाचपायला लावली, मग शेजारच्या उंच, देखण्या घोड्याची. बुटक्याची नळी जाड होती. मग कंबर दाखवली : बरगड्या संपल्यावर मागच्या पुठ्ठ्यापर्यंतचा भाग, एकाचा रुंद नि आखूड, दुसऱ्याचा लांब नि निमुळता. "जड माणूस याच्यावर," ते म्हणाले आणि काळ्याच्या पाठीवर थाप मारली. ओहायोच्या त्या प्रयोगातही रुंद कमरेच्या घोड्यांना कमी त्रास झाल्याचं दिसलं होतं. या माणसानं ते वाचलेलं नव्हतं.

त्यांच्या परवानगीनं मी तिथल्या एका मध्यम घोड्याचं माप घेतलं. घेर १५०, लांबी १३५. २५६ किलो. म्हणजे वीस टक्क्यांनी त्याला पेलणारं ओझं खोगिरासकट एक्कावन्न किलो. सत्तर किलोच्या साध्या माणसालाही तो घोडा या हिशेबानं कमीच पडतो. ओझ्याच्या जनावरांसाठी आपल्याकडे १९६५ चे नियम आहेत. त्यात तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो, गाढवावर ५०, खेचरावर २०० असं लिहिलेलं आहे. मी ते आकडे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जड माणसाला नाही म्हटलं तर तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो, ताई. घोड्याचा त्रास वाचत नाही, माझी रोजी मात्र जाते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चढण लागली की ते जड गिऱ्हाइकाला उतरून चालायला सांगतात, एवढं मी संध्याकाळपर्यंत स्वतः पाहिलं.

परत आल्यावर पागेत बरंच बदललं. खोगिराच्या खोलीत काटा ठेवला. घोड्यावर बसणारा प्रत्येक जण, मूल असो की मी, बूट-टोपी घालून आणि आपलं खोगीर हातात घेऊन त्यावर उभा राहतो. सगळेच उभे राहतात, त्यामुळे कुणा एकाला वेगळं काढल्यासारखं होत नाही. आकडा मी मोठ्यानं वाचत नाही, वहीत लिहिते. प्रत्येक घोड्याच्या पाटीवर त्याला पेलणारं वजन खडूनं लिहिलेलं असतं आणि दर तीन महिन्यांनी ते पुसून पुन्हा काढतो, कारण घोडी पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात उतरते. नवख्या स्वाराला मी वीस नव्हे, पंधरा टक्के धरते. शिकलेला माणूस घोड्याच्या चालीबरोबर उठतो-बसतो. नवखा दर पावलाला आपटतो, ते वजन काट्यावर दिसत नाही.

खोगिराचंही तसंच. मोठ्या बांध्याच्या माणसाला मोठं आसन लागतं, अठरा इंची. ते आखूड पाठीच्या घोड्यावर ठेवलं की मागचा काठ शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जातो. तिथून पुढे कमरेला बरगड्यांचा आधारच नसतो. पोटाच्या बाजूनं शेवटची, म्हणजे अठरावी, बरगडी बोटानं शोधायची आणि तिच्या वळणानं कण्यापर्यंत वर यायचं. खोगीर त्याच्या अलीकडे संपलं पाहिजे. गौरीच्या पाठीवर माझं खोगीर दोन बोटं पलीकडे जात होतं. वजन आणि खोगीर, दोन्ही चुका एकाच जागी पडत होत्या. आणि मी रोज जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढत होते, सगळं वजन एका बाजूला ओढत. आता मैदानाच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा बांधला आहे. लहान मोठं कुणीही त्यावरूनच चढतं.

सगळ्यात अवघड काम नाही म्हणण्याचं. एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे, शहाण्णव किलोंचे. लहानपणापासून घोड्यावर बसायची इच्छा, आत्ता कुठे सवड मिळालेली. आमच्याकडचं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, पावणेपाचशे किलोंचा. धावपट्टीवर तो जॉकी धरून पंचावन्न-साठ किलो वाहायचा. आणि त्याची नळी बारीक. मी त्यांना वही दाखवली, हिशेब समोर मांडला. त्यांचा चेहरा उतरला, आणि मलाही गलबलून आलं. बसायचं नाही असं ठरलं, पण घोड्याशी हातानं काम करायला शिकवेन म्हटलं : लगाम धरून चालवणं, लांब दोरीवर फिरवणं, खरारा, खूर साफ करणं. ते दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले. अजूनही येतात. थरोब्रेड त्यांचा आवाज ओळखतो.

सगळेच असे समजून घेत नाहीत. लग्नाच्या वरातीसाठी घोडी मागायला आलेल्या एका कुटुंबाला मी नवरदेवाचं वजन विचारलं. पुढ्यात भाच्याला बसवायचं नाही, दोन तास बँडमागे उभं करायचं नाही, असंही सांगितलं. त्यांना तो अपमान वाटला. ते निघून गेले आणि त्यांना दुसरीकडे घोडी मिळालीही असणार.

गौरीला चार महिने खोगीर घातलं नाही. नुसती दोरीवर चालवली, चढावर हातानं नेली, पाठीचे स्नायू परत भरू दिले. आता तिच्यावर एक कॉलेजची मुलगी बसते, त्रेपन्न किलोंची. सोळा इंची खोगीर मिळून साठ. मुलगी बुटकी आहे. तिचा पाय गौरीच्या पोटाच्या निम्म्यापाशीच संपतो आणि पाहुणे आले की कुणीतरी म्हणतंच, हिला घोडी जरा मोठी होते नाही का? मी काट्याची वही काढून दाखवत बसत नाही. परवा सकाळी चाचांनी तंग आवळला तेव्हा मी शेजारीच उभी होते. गौरीनं मान वळवली नाही. ती समोरच्या गवताच्या गाडीकडे पाहत होती.